रीळ बदलेपर्यंत

नाही हो, तुमचं अगदी बरोबर आहे — माणूस आधी मेला, चार जण त्याला पोचवून आले, बायको भिंतीला डोकं टेकून रडली, आणि पुढच्या मिनिटाला तोच माणूस नवा कोट घालून लग्नाला उभा — असं कधी होतं का? नाही होत. मी कुठे म्हणतेय होतं? तक्रार करायचीय ना, करा खुशाल. वेगळी खिडकी नाही आमच्याकडे तक्रारीची — तिकीट, तक्रार, विसरलेली छत्री, सगळ्याला मीच. पण आत मात्र आत्ता सोडणार नाही मी तुम्हाला. नाही म्हणजे नाही. सिनेमा सुरू झालाय, तुम्ही आलात उशिरा, आणि आमच्याकडे दार उघडतं ते रीळ बदलताना, अधेमधे नाही. दार उघडलं की रस्त्यावरचा उजेड सरळ पडद्यावर जातो — माझा नियम नाही हा, आमच्या ह्यांचा आहे, थिएटर उघडलं त्या दिवसापासूनचा. एकदा स्वतःच्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ह्याच बाकावर बसवून ठेवलं होतं अख्खं रीळभर. वडील महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. जसा काही नियम मी केला होता! बसा. त्या टोकाला नको, तिकडचा पाय निखळलाय. इकडे, माझ्या समोर बसा.

चहा घ्या थोडा, थर्मासमधला आहे, कोमट असेल. हं, तर कालच्या सिनेमाचं. असं बघा, हल्लीचे दिग्दर्शक असतात ना, ते काळाची जरा उलटापालट करतात — नंतरचं आधी, आधीचं नंतर — कला असते ती एक — हसताय कशाला? काल तुमच्या मागे ते फिल्म क्लबवाले बसले होते, त्यातले ते गळ्यात मफलरवाले, ते बाहेर आले आणि खिडकीतून हात घालून माझा हात धरला त्यांनी. म्हणाले, मरणानंतर लग्न! काय धाडस आहे! मी म्हटलं, आहेच. आणि मग ह्याच बाकावर बसून सगळे धाडसावर बोलत होते, मला दिवे घालवायचेत ह्याची शुद्धच नाही कुणाला. तेवढ्यांतून तुम्ही एकटे निघालात की ज्याला — काय म्हणता? आधी पाहिलाय? लहानपणी, आजोबांबरोबर? — हात्तिच्या. मग संपलंच की. मग तुम्हाला काय कपाळ थापा मारायच्या मी!

रिळं उलटसुलट लागली होती. लागली नव्हती, लावली होती. मी लावायला सांगितली. आमचा ऑपरेटर तर तयारच नव्हता — म्हातारा झालाय तोही, आमच्याबरोबरच झाला — म्हणाला, बाई, जन्मात एक रीळ चुकवलं नाही मी, आता ह्या वयात मुद्दाम चुकवू? तोंडाला काळं फासायला लावताय माझ्या. मी म्हटलं, कर. माझ्यासाठी नको, साहेबांसाठी, ह्यांच्यासाठी कर.  मग जिना चढता चढता म्हणाला, साहेबांनी पुन्हा एकदा मला शिव्या घातल्या तर मी तरी कशाला नाही म्हणू. तुम्हाला गंमत वाटेल, पण खरं सांगते, तो माणूस शिव्यांना आसुसलाय.

सांगते ना, तेच सांगतेय. तुम्ही ह्या भागात नवीन, तुम्हाला आमचे हे माहीत नाहीत. मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीत एक गृहस्थ बसतात बघा, राखाडी स्वेटर, मांडीवर टोपी — ते. मालक. थिएटर ह्यांचं, पडद्यामागच्या खोलीत डबेच्या डबे रचलेत ना ती रिळंही ह्यांचीच, जमवलेली — लोक जमीनजुमला करतात, ह्यांनी सिनेमे केले. आजकाल सगळीकडे बटण दाबलं की चित्र दिसतं, आमच्याकडे अजून दोन मशिनं, एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं, डोळ्यात तेल घालून. आणि जरा कुठे चुकलं — चित्र पुसट झालं, आवाज मागे पडला, रीळ चुकलं — की त्या खुर्चीतून आवाज यायचा. ‘अरे, झोपलास काय रे वर!’ बस्स, एवढंच. पण असा आवाज, की पुढच्या रांगेतली पोरं दचकायची. पुढे पुढे लोकांना त्याचीच सवय झाली. चूक नाही झाली तर काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं. एक बाई तर मला विचारायच्या, आज मालक ओरडणार आहेत ना हो? जसं काही आम्ही पत्रकात छापलंय! पण गंमत अशी की हे कधी उगाच ओरडले नाहीत. सिनेमा कुठल्याही भाषेतला असू दे, ह्यांनी कधी न पाहिलेला असू दे, एखादं रीळ इकडचं तिकडे झालं की ह्यांच्या अंगातच कळायचं. मी विचारायची, अहो पण तुम्हाला कळतं कसं? म्हणायचे, तुला कसं कळतं आमटीत मीठ कमी आहे ते? 

आता नाही ओरडत. — घ्या ना चहा, गार होईल अजून.

विसरतात. म्हणजे — किल्ली विसरली, चष्मा विसरला, ते नव्हे. ते आपण सगळेच विसरतो. मीच काल कुलूप लावून किल्ली आत ठेवली. हे वेगळं. आधी नावं गेली, मग रस्ते गेले. एकदा पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी घरात जाऊन बसले, त्यांच्या जेवायच्या टेबलाशी, आणि त्या लोकांनाच विचारत होते की तुम्ही कोण. भली माणसं, पाणी दिलं, आणून सोडलं. मग गॅस. मग — जाऊ दे. डॉक्टर म्हणाले, हे असं उतरणीलाच लागतं, चढ नसतो ह्याला. मी म्हटलं, अधूनमधून सपाटी तरी? ते हसले नुसते. मला नाही आवडलं त्यांचं हसणं.

मुलगा आलाय. लांब असतो तो, मोठी नोकरी आहे. आत बसलाय ना आता, बाबांच्या शेजारी. वाईट नाही हो माझा मुलगा, आधीच सांगते, नाहीतर तुम्ही मनात म्हणाल, बघा, हल्लीची मुलं. सूनही चांगली आहे, रोज फोन करते. त्यानं एक ठिकाण बघितलंय, अशा माणसांना ठेवतात तिथे. मी फोटो पाहिले — स्वच्छ आहे, बाग आहे, दारं बाहेरून लागतात. उद्या सकाळी गाडी येणार आहे. बॅग भरून ठेवलीय त्यानं, मला भरू दिली नाही, म्हणाला, आई, तू रडत बसशील. रडले असतेच. बॅगेत स्वेटर एकच टाकलाय त्यानं. एका स्वेटरवर काय होतं माणसाचं?

तर मी त्याला म्हटलं, मला एक आठवडा दे. एकच. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, मी बाबांना सिनेमे दाखवते. तो म्हणाला, आई, ते रोजच सिनेमे बघतात. मी म्हटलं, तसे नाही. प्रत्येक सिनेमात एकदा रीळ चुकवते. आठवड्यात एकदा, फक्त एकदा ‘झोपलास काय रे’ आलं ना, तर समज आत अजून माणूस बसलाय. मग त्याला त्या बागेत नेऊन कोंडू नकोस. मी बघेन माझं काय व्हायचं ते. आणि नाही आलं, तर — तर मी दारात आडवी उभी राहणार नाही.  मग म्हणाला, ठीक आहे. शब्दाचा पक्का आहे तो, ह्यांच्यावर गेलाय तेवढ्यात. बाकी सिनेमातलं त्याला ओ की ठो कळत नाही. लहानपणीसुद्धा अंधार झाला की झोपायचा मेला.

म्हणून हा असला आठवडा. तुम्ही पहिल्या दिवशी बाहेरचा फळा वाचून हसला होतात, मी पाहिलं काचेतून. हसण्यासारखंच आहे. सोमवारी मुका विनोदी सिनेमा, मंगळवारी वाळवंट, बुधवारी पोरांचं कार्टून, मग भूत, मग गाण्यांचा, मग कालचा तो मरण-लग्नवाला — एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. क्लबवाल्यांनी विचारलंच, ह्या आठवड्यामागचं सूत्र काय? मी म्हटलं, आहे एक सूत्र, तुम्हीच शोधा. त्यांनी शोधलंही! मफलरवाले म्हणाले, माणसाचा प्रवास. म्हटलं, असेल बाबा. सूत्र काय डोंबलाचं! मी त्या मागच्या खोलीत स्टुलावर चढून एकेक डबा काढत होते, धूळ झटकत होते, आणि आठवत होते की हे कशावर जीव टाकायचे. ह्याच्यावर हसून हसून खोकला लागायचा, तो काढ. ह्याच्यात हे रडले होते आणि मला म्हणाले होते की धूळ गेली डोळ्यात, तो काढ. कुठल्यातरी एका दाराची तरी कडी आतून निघेल, असं वाटत होतं मला. म्हणून सगळी दारं वाजवली.

सोमवारी तो जाडा हवालदार आणि शिडी. आधी शिडीवरून पडला, मग शिडी चोरीला गेली — आता, मुक्या सिनेमात काय आणि कसं कळणार, सगळेच पडतात आणि सगळेच पळतात. हे हसले. मी म्हटलं, चला, हसले तरी. मंगळवारी वाळवंट. ती माझीच चूक. त्यात काही घडतच नाही हो! बाई पाणी आणायला जाते, जाते, जाते. रीळ पुढचं लावा, मागचं लावा, उलटं लावा, बाई जातेच आहे. देवालासुद्धा कळलं नसतं. बुधवारी कार्टून, ते कासवाचं. तुम्ही होतात ना? मग ऐकलं असेल — ती झालरीच्या फ्रॉकवाली छोटी मुलगी, उभी राहिली खुर्चीवर आणि ओरडली, आई, कासव परत लहान झालं! एवढीशी पोर! पूर्ण थिएटर हसलं. मी दारावरच्या पडद्याच्या फटीतून ह्यांच्याकडेच बघत होते. ह्यांनी त्या मुलीकडे पाहिलं, आणि टाळ्या वाजवल्या. छान हसले तिच्याकडे बघून. कौतुकानं. मी तिथेच जिन्यावर बसले. मला त्या पोरीचा राग आला, खरं सांगते. काय गुन्हा होता तिचा? पण आला.

भुताच्या सिनेमात झोपले. गाण्यांच्या सिनेमात ताल धरला मांडीवर, सगळा वेळ, गाणं नसतानाही. आणि काल तुम्ही पकडलंत. तुम्ही पकडलंत, क्लबवाल्यांनी धाडस म्हटलं, आणि हे घरी जाताना मला म्हणाले, बाई, तुम्ही फार चांगल्या आहात, तुमचे यजमान वाट बघत असतील. — बाई. तुम्ही. यजमान. एवढ्या वर्षांच्या संसारात मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं ह्या माणसानं.

हे? हे मनगट होय. दारात सापडलं. त्या मागच्या खोलीचं दार जड आहे, वाऱ्यानं आपटतं — हो, खोलीला खिडकी नाही, वारा कुठून येणार, तुम्ही पण ना, वकील आहात का? तक्रार करायला आलात आणि उलटतपासणी घेताय. — नाही आपटलं दार. गेल्या महिन्यात मी इथे बसले होते, ह्याच खुर्चीत, तिकिटं फाडत, आणि हे आले, आणि म्हणाले, कोण तू? माझ्या खिडकीत कशी बसलीस? मी हसले. मला वाटलं, थट्टा करतायत — थट्टेखोर आहेत हो फार. मी म्हटलं, चोर आहे, पकडा. तर पकडलंच. असं पिरगळलं की — ऑपरेटर धावत आला म्हणून. नंतर दोन मिनिटांत विसरलेही. मलाच विचारतात, काय गं, हाताला काय झालं, आणि तेल गरम करून आणलं. स्वतः चोळलं. तेव्हा ‘काय गं’ म्हणाले, बघा. ‘गं’ म्हणाले. तेवढ्यावर मी पंधरवडा काढला. मुलाला ह्यातलं काही सांगायचं नव्हतं मी, पण ऑपरेटरच्या पोटात काही राहत नाही. म्हणून तर ती बाग. मुलगा म्हणतो, आई, पुढच्या वेळी मानेला हात घातला तर? मी म्हटलं, नाही घालणार. तो म्हणाला, कशावरून? आता कशावरून, हे मी त्याला काय सांगू.

तुम्हाला तरी का सांगतेय, कोण जाणे. रीळ बदलेपर्यंत बसवलंय म्हणून. तुमचा चेहरा असा आहे की माणूस बोलत सुटतं. लग्न झालंय तुमचं? — बरं, नाही विचारत.

आज शेवटचा. आजच्यावर सगळं आहे. होडीवाला. फळ्यावर मी नुसतं होडीवाला लिहिलंय, खरं नाव लांबलचक आहे, परदेशी, मला कधी म्हणताच आलं नाही. ह्या थिएटरात पहिला सिनेमा लागला तो हा. ह्यांना तो तोंडपाठ — भाषा येत नाही पण पाठ, अक्षरन् अक्षर. मला पहिल्यांदा बघायला आले, तर घरच्यांसमोर काय बोलावं कळेना, म्हणून ह्या सिनेमाची गोष्ट सांगितली सगळी, हातवारे करून, वल्हं कसं मारतो ते दाखवताना कोपर लागून आईची बरणी फोडली. मी तेव्हाच ठरवलं, ह्याच्याशीच. बाकी लोक पगार सांगत होते. म्हणून मी हा शेवटाला ठेवला. आधी लावायची हिंमत नव्हती. हा आधीच फुकट गेला असता तर उरलेले दिवस मी कशाच्या जोरावर काढले असते?

तर ऐका, म्हणजे तुमच्या लक्षात येईल. पहिलं रीळ बरोबर लावलंय. दुसरं बरोबर लावलंय — आत्ता ते चाललंय, ऐकू येतंय का, वल्ह्याचा आवाज, पाणी, वल्हं, पाणी. तो होडीवाला आपल्या मुलीला — मुलगी म्हणजे जिच्यावर त्याचं प्रेम असतं ती — तिला म्हणतो, मी कमावून येतो, थांब. आणि मोठ्या बोटीत चढतो, आणि बोटीचा भोंगा होतो. दुसरं रीळ तिथे संपतं. भोंगा चुकूच शकत नाही, ही खिडकीची काच थरथरते त्यानं. आणि मग तिसऱ्यात सगळी परदेशातली वर्षं. तिथेच तर सिनेमा आहे. पण आज भोंग्यानंतर तिसरं नाहीच लागणार. सरळ चौथं. बायकांचं हसणं, लग्नाचं गाणं, तिचं दुसऱ्याशी लग्न, आणि हा पांढरे केस घेऊन दारात उभा — आत्ता तर गेला होता! ते ह्यांनी नाही ओळखलं, तर मग काहीच उरलं नाही म्हणायचं. मग मीच स्वेटर घालीन बॅगेत, दोन तरी.

मुलाला मी हे काही सांगितलेलं नाही, कुठे चुकवलंय ते. तो म्हणाला, मला कसं कळणार बरोबर ओरडले की नाही? मी म्हटलं, मी सांगेन. माझ्यावर विश्वास आहे त्याचा.

भोंग्याची वाट बघायची आता.  वेड्यासारखी —

श्श.

ऐकलंत? ऐकलंत का तुम्ही? ‘झोपलास काय रे वर!’ — ह्यांचा! अहो, ह्यांचाच आवाज, तसाच, तस्साच, छातीतून — देवा रे! सांगत नव्हते मी! आहे, आहे अजून आत माणूस! डॉक्टर हसतो मेला! उतरण म्हणतो! नको, रुमाल नको, आहे माझ्याकडे, कुठे गेला — होडीवाल्यानंच केलं शेवटी, मला ठाऊकच होतं, सोमवारीच लावायला हवा होता, उगाच तो हवालदार आणि ते वाळवंट — ऑपरेटर वर नाचत असेल. अहो हसा ना तुम्ही! असे काय बघताय? तुमच्यासमोर झालं, तुम्ही साक्षीदार आहात —

काय?

काय म्हणालात?

भोंगा. — झाला असेल की. आपण बोलत होतो, मी तर बडबडतच होते, लक्ष कुणाचं होतं. तुमचं होतं? — तुम्हालाही नाही ऐकू आला. काचही नाही हलली. — बोलू नका जरा. थांबा.

वल्हं. पाणी. वल्हं. पाणी. — दुसरंच चालू आहे अजून. बरोबर असलेलं. काही चुकलेलं नाही त्यात, कुठे काही चुकलेलं नाही, जसंच्या तसं चाललंय, जसं पहिल्या दिवशी चाललं होतं —

पुन्हा ओरडले. ‘बंद कर! कोण माणूस आहे हा? कोण आहे? बंद कर ते!’

बोलू नका. मुलगा येतोय बाहेर. तुम्हाला हात जोडते, आता एक अक्षर बोलू नका.

हो रे. ऐकलं. इथपर्यंत आलं की ऐकू. — आधी ते दार ओढून घे, उजेड जातोय आत. — हो. — अरे हो म्हणतेय ना, चुकीचंच लागलं होतं रीळ. तिथेच चुकवलं होतं मी. बाबांनी पकडलं, अगदी जागच्या जागी. — मला नाही कळणार तर कुणाला कळणार? — रडतोस काय, वेडा कुठला, एवढा मोठा घोडा झालास. ये, इकडे ये. बास. गाडीवाल्याला नको म्हणून सांग. सांग नंतर, पण सांग. आणि जा, त्यांच्याजवळ बस, एकटे नकोत आत्ता. हात धर. उजवा नको, डावा धर, उजवा धरला की चिडतात. — हे? हे आमचे नेहमीचे प्रेक्षक. उशीर झाला त्यांना. हवापाण्याचं बोलत होतो. जा तू.

बघू नका असे माझ्याकडे. मी काय करू, सांगा ना. तुम्ही सांगा. दारं बाहेरून लागतात तिथे. विचारतील ते, कोण तू, रोज विचारतील, तर मी रोज सांगेन. हात उगारला तर लांब उभी राहीन. खोलीला आतून कडी लावून घेईन. एवढं येतं मला. तिथे कोण त्यांना गरम तेल करू देणार आहे?

हां. हा बघा, भोंगा. काच बघा. — आता. आता लागलं चुकीचं. हसतायत बायका, लग्नाचं गाणं, तो दारात आलेला असेल पांढरे केस घेऊन. आता ओरडायचं. अहो, ओरडा ना. आता.

...

ते तालावर मांडी थोपटत असतील.

उठा. कप राहू दे तिथेच. डावीकडून जा, त्यांच्या समोरून जाऊ नका, घाबरतात. रीळ बदललंय, दार उघडं आहे. जा म्हटलं ना.